उत्तराची जागा

बसथांब्यावर उभं असताना त्याच्या नाकातून फुसकन हवा सुटली, मग आपल्याला हसू आलंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्यानं चटकन इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना. समोर बंद पडलेल्या टपाल कचेरीची लांबलचक भिंत होती. भिंतीवर ओळीनं बारा पोस्टरं, बाराही त्यानंच गेल्या महिन्यात केलेली, बाराही पोस्टरांत मोठे हात उंचावून उभे. मोठे म्हणजे देशाचे सर्वेसर्वा. खात्यात त्यांचं नाव कोणी घेत नसे, नुसतं मोठे म्हणत. तर सातव्या पोस्टरात मोठ्यांच्या कोटाच्या कॉलरीतून मान वर आली होती आणि मानेवर डोक्याऐवजी घरगुती इस्त्री बसली होती, टोक पुढे काढून, वायर पाठीवर वेणीसारखी सोडून. खाली वर्तमानपत्रांतून कापलेली अक्षरं, एक लठ्ठ, एक किडकिडीत, एक उलटं पडता पडता राहिलेलं: ‘सुरकुती दिसली तर कळवा.’ अगदी खाली उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी कोरी जागा. वा, तो मनात म्हणाला, काय बसवलीय इस्त्री! आणि मग बस येईपर्यंत वेळ होता म्हणून तो रस्ता ओलांडून जवळ गेला, ते गेला नसता तर बरं झालं असतं. इस्त्रीच्या कडेला केसाएवढी पांढरी किनार होती. डावखुऱ्या माणसानं उजव्या हाताची कात्री चालवली की कागद पात्यांमध्ये किंचित मुडपतो आणि अशी किनार सुटते. आणि कोपऱ्यावर कागद न वळवता कात्रीच वळवली की तिथं एक बारीकसा चिमटा राहतो. ही किनार आणि हा चिमटा तो सव्वीस वर्षं बघत आला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटात अंथरलेल्या कागदावर तो चिमटा होता, बिलं अडकवायच्या पुठ्ठ्यावर होता. त्या भिंतीवर त्याच्या बायकोनं कात्री चालवली होती, आणि सकाळी तिनंच त्याला डबा देताना विचारलं होतं, येताना साबण आणशील ना.

ऑफिसात तो जागेवर बसला आणि सवयीनं कंप्युटरवर मोठ्यांचा चेहरा उघडला. हे त्याचं काम होतं, बावीस वर्षं. प्रसिद्धी खात्यात लिहिणारे वेगळे, छापणारे वेगळे. चेहरा मात्र एकट्याकडे. गालावरचा तीळ काढायचा, डोळ्यांखालची पोतडी आवळायची, दरवर्षी केस थोडे दाट करायचे, म्हणजे वय उलटं जातंय हे कोणाच्या ध्यानात येऊ नये इतपत. मंजूर झालेले भाव अकरा होते आणि त्यांना नंबर होते. उद्घाटनाला हसू चार. पूर आला तर काळजी दोन. एकदा चुकून पुराच्या पोस्टरावर हसू चार गेलं होतं, तेव्हा साहेबांनी तीन दिवस जेवण सोडलं होतं, बिचारे. त्या चेहऱ्यावरचं प्रत्येक छिद्र त्याला माहीत होतं, कारण प्रत्येक छिद्र त्यानंच बुजवलं होतं. घरच्यांचे चेहरे इतक्या जवळून त्यानं पाहिले नव्हते. आज तो हसू चारकडे बघत बसला आणि त्याला राहून राहून मानेवर इस्त्रीच दिसायला लागली, आणि गंमत म्हणजे ती जास्त शोभत होती. आपण इतकी वर्षं कपडे सपाट करावेत तसा हा चेहरा सपाट करतोय, हे तिनं एका फटक्यात सांगून टाकलं होतं. तिनं मोठ्यांची टिंगल केली होती की आपली? हा प्रश्न त्याला बोचला. आणि त्याहून जास्त दुसरं बोचलं, ते अगदी लहान मुलासारखं होतं, त्याची त्यालाच लाज वाटली: मला न घेता केलं.

कारण एके काळी ती दोघं मिळूनच हे करायची. तिला सगळे कात्री म्हणत, त्याला डिंक. अजून एक ढोल होता, तो एका भयंकर बॅण्डमध्ये ढोल बडवायचा. त्यांना सूर म्हणून लागत नसे, आणि लागला तर ती लाजिरवाणी गोष्ट मानत. तिघं मिळून चार पानांचं एक चोपडं काढत, त्याचं नाव ‘खरूज’. दुसरं काही नाव सुचेना म्हणून नाही, चांगलं विचार करून ठेवलेलं नाव. खाजवल्याशिवाय राहवू नये, आणि खाजवलं की वाढावी. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या तळघरात काचेवर काय वाट्टेल ते ठेवायचं: चाळणी, कवळी, मासा, स्वतःचा गाल. एका मंत्र्याच्या मानेवर त्यांनी कोबीचा गड्डा बसवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सोलत राहा, आत काहीतरी असेलच.’ मशीन गरम व्हायचं, कोबीचा उग्र वास तळघरभर सुटायचा, आणि ती त्या हिरवट प्रकाशात कात्री दातांत धरून हसायची. एक रीत होती त्यांची. प्रत्येक पोस्टरात खाली उजवीकडे तळहाताएवढी जागा मोकळी सोडायची. ती उत्तराची जागा. माणसानं एकट्यानं ओरडू नये, असं ढोलचं म्हणणं. दुसऱ्या कोणीतरी येऊन त्या जागेत आपला तुकडा चिकटवायचा, मग तो शिवी असो, चित्र असो, नुसतं बसचं तिकीट असो. उत्तर आलं नाही तर पोस्टर मेलं. मग एका दुपारी ढोलला उचलून नेलं. तीन दिवसांनी सोडलं. तो परत आला तेव्हा त्यानं दोघांना ओळखही दाखवली नाही, आणि पुढच्याच महिन्यात तो विमा विकायला लागला. आता तर तीन दिवसांत सोडतही नाहीत. त्यानंतर एकदा तिनं विचारलं होतं, पुढचा अंक कधी? आणि डिंक म्हणाला होता, बघू. तात्पुरती म्हणून ही नोकरी धरली, आणि ती बावीस वर्षं धरून बसली त्याला.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा ती भाजी चिरत होती. दिवसभर ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची, एका वेळी चाळीस थर. घरी आल्यावर तिच्या डाव्या अंगठ्यावर लाल वळ असे. वळाकडे त्यानं आज नीट पाहिलं. “साबण?” तिनं विचारलं. “विसरलो.” “एक काम सांगितलं होतं.” संपलं बोलणं. बोलायला काय हरकत होती? अगं, भिंतीवरची इस्त्री पाहिली, झकास आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती विचारणार, कसं ओळखलंस, आणि मग, आता काय करणार आहेस, आणि या दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे काही नव्हतं. शिवाय त्याला रागही आला होता. तिला सांगायचं नव्हतं ना, मग राहू दे. माणूस चाळिशी ओलांडतो आणि तरी असा रुसून बसतो, ताटातली भाकरी चिवडत. ती दोन खोल्यांची जागा त्याला त्या संध्याकाळी फार लहान वाटली. ती आतल्या खोलीत गेली की तो बाहेरच्या खोलीत येई, ती बाहेर आली की तो आत, आणि दोघांच्यामध्ये ती इस्त्री.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. सतत घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. टेबलावर इस्त्रीचे फोटो पसरलेले. “तुमच्या पोस्टरावर केलंय बरं का,” साहेब म्हणाले, जणू हा त्याचाच निष्काळजीपणा. “वरून विचारणा झालीय. कोण असेल?” “कॉलेजची पोरं असतील,” तो म्हणाला. आवाज बरा निघाला. “लोक हसतायत हो. हसतायत, हीच पंचाईत आहे. शिवी दिली असती तर एक वेळ चाललं असतं.” मग साहेब पुढे वाकले. “आपण असं करू. यांच्यासारखंच एक पोस्टर आपण काढू. यांच्याच नावावर. पण त्यात मोठ्यांची नाही, लोकांची टिंगल. लोकांना गाढव म्हणा, काहीही म्हणा, लोक चिडले पाहिजेत. म्हणजे यांची खोड मोडेल. जमेल ना तुम्हाला? तुम्ही पूर्वी काहीतरी असलं करत होता म्हणे.” हे म्हणे कुठून आलं, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. नाही म्हणावं तर का नाही म्हणतोय, हा प्रश्न उभा. हो म्हणावं तर... आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात एक शहाणपणाचा विचार आला, भित्र्या माणसाच्या डोक्यात नेहमी वेळेवर येतो तसा: दुसऱ्या हाताचं एक पोस्टर भिंतीवर गेलं तर तपास तिच्यावरून सरकेल. म्हणजे हे तिच्यासाठीच. “बघतो,” तो म्हणाला. “वाईट करा,” साहेब म्हणाले. “अगदी वाईट.”

वाईटच करायचं ठरवून तो बसला. दार लावून घेतलं, कंप्युटर बंद केला, कारण हे कंप्युटरवर करायचं कामच नव्हे. जुनी मासिकं मागवली, कात्री, डिंक, झेरॉक्स मशीन ओढून आत घेतलं. पहिला तुकडा कापताना हात अवघडला. दुसऱ्याला जरा सुटला. लोकांची रांग करायची होती, म्हणून त्यानं कुठल्याशा रांगेचा फोटो घेतला आणि सगळ्यांची डोकी उडवली. आता डोक्यांच्या जागी काय? गाढवं नको, गाढवं कोणीही करील. तो उठून हात धुवायला गेला, बेसिनच्या तोटीकडे बघत राहिला, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. शिपायाकडून पाना आणवून त्यानं ती तोटी चक्क उखडली आणि काचेवर ठेवली. रांगेतल्या प्रत्येक मानेवर तोटी बसली: म्हाताऱ्याच्या, पोराला कडेवर घेतलेल्या बाईच्या, पोराच्यासुद्धा, बारकी. एकाही तोटीला चावी नाही. चाव्या कुठे? चाव्या मोठ्यांच्या छातीवर, पदकांसारख्या, ओळीनं. आणि अक्षरं कापताना त्याला विचारच करावा लागला नाही: ‘पाणी आलं की कळवू.’ दुपार कधी झाली कळलं नाही. डबा तसाच राहिला. नखांत डिंक, बाहीवर शाई, आणि तो शीळ घालत होता, त्या भयंकर बॅण्डचं ते बेसूर गाणं! कितीतरी वर्षांनी त्याला आपले हात आपले वाटले. आपण कोणासाठी करतोय हे तो विसरला म्हणणं बरोबर होणार नाही. आठवत होतं, पण पलीकडच्या खोलीत रेडिओ चालू असावा तसं. लोकांची टिंगल झाली होती, हे खरं. पण त्या रांगेत सगळ्यात पुढे, त्याच्यासारखाच चष्मा खिशात खोचून उभा असलेला जो तोटीचा माणूस होता, तो तर तो स्वतःच होता, आणि ते त्यानं लपवलं नव्हतं. संपलं तेव्हा त्यानं लांब उभं राहून पाहिलं. चांगलं झालं होतं. आजवर केलेल्यांतलं सगळ्यात चांगलं. त्याला एकदम रडू आलं.

साहेबांना ते कळलं नाही, पण लोक त्यात मूर्ख दिसतायत एवढं पुरेसं होतं. फक्त जाता जाता त्यांनी बोट ठेवलं. “हा कोपरा रिकामा का?” खाली उजवीकडे, तळहाताएवढा. त्याचा हात बावीस वर्षांनी चालला होता आणि हातानं जागा सोडली होती. डोक्याला विचारलंच नव्हतं. म्हणता आलं असतं, राहिलं चुकून, भरतो. पण तो अजून त्या दुपारच्या धुंदीत होता आणि कोणीतरी आपल्या कामाबद्दल विचारतंय याचंच त्याला अप्रूप. “ती उत्तराची जागा,” तो म्हणाला. “एकानं लावायचं, दुसऱ्यानं येऊन त्यात चिकटवायचं. तशी रीत आहे यांची. त्या इस्त्रीतही आहे बघा.” बोलून झालं आणि त्याला जीभ चावावीशी वाटली. साहेबांनी इस्त्रीचा फोटो उचलला, कोपरा पाहिला, आणि त्यांच्या घाबऱ्या तोंडावर पहिल्यांदाच खराखुरा आनंद पसरला. अकरांपैकी कुठल्याच भावात तो बसत नव्हता. “म्हणजे उत्तर द्यायला कोणीतरी येणार? स्वतः? त्याच जागी?” आणि मग, “काय माणूस आहात हो तुम्ही!” सोमवारी पोस्टर टपाल कचेरीच्या भिंतीवर लागलं, मुद्दाम न काढलेल्या इस्त्रीच्या शेजारी. समोर चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर दोन माणसं बसली. साहेबांनी त्याला पाठीवर थाप मारून हे सांगितलं, आणि ती थाप दिवसभर त्याच्या पाठीवर राहिली.

मग तीन दिवस. तीन दिवस तो सांगणार होता. सोमवारी तिचं डोकं दुखत होतं. मंगळवारी तो म्हणाला, “चार दिवस तुझ्या बहिणीकडे जाऊन येऊया का?” आणि ती म्हणाली, “का, तिचं काय बिघडवलंय मी?” बुधवारी त्यानं तोंड उघडलं आणि साबणाबद्दल बोलला. तो रोज हिशेब मांडत होता की तिची बस दुसऱ्या रस्त्यानं जाते, तिला ते दिसणारच नाही, दिसलं तर आवडणारच नाही, आवडलं तरी ती इतकी वेडी नाही. येताजाता तो थांब्यावर उभा राहून त्या कोऱ्या जागेकडे बघे. कोरी असली की हायसं वाटे. आणि, आता हे सांगायलाच हवं, थोडं वाईटही वाटे. उत्तर आलं नव्हतं. माडीवरच्या खिडकीत एक जण पेपर वाचत असे. एकदा थांब्यावरून त्यानं वर पाहिलं आणि दोघांची नजरानजर झाली. त्यानंतर तो अलीकडच्या थांब्यावर चढायला लागला. ऑफिसात चेहरा, घरी ती, मध्ये भिंत. चौथी कुठली बाजूच उरली नव्हती.

गुरुवारी तो घरी आला तेव्हा ती लवकर आलेली होती. चहा ओतून झाकून ठेवलेला. ती खुर्चीत बसून त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला मागे वळून पाहावंसं वाटलं, दुसरं कोणी आलंय का.

“बस,” ती म्हणाली. आणि मग हसायलाच लागली. “पाणी आलं की कळवू! अरे, मी भिंतीसमोर उभी राहून इतकी हसले की शेजारची बाई घाबरून लांब सरकली.”

तो बसला.

“डिंक,” ती म्हणाली. किती वर्षांनी. “मला वाटलं होतं, तू संपलास. खरंच सांगते. रोज सकाळी डबा द्यायचे आणि वाटायचं, हा गेला, आता राहिलाय तो दुसराच कोणीतरी. आणि तू...! चाव्या छातीवर! कुठून सुचलं रे तुला?”

“बेसिन,” तो म्हणाला.

“बेसिन!” तिनं टाळी वाजवली. तिचे डोळे भरले होते. “तुला राग आला असेल, मी एकटीनं केलं म्हणून. तुझी नोकरी होती रे. तुला माहीतच नसलं तर तुला कोणी काही करू शकणार नाही, असं वाटलं मला. आणि तू बघितलंस, ओळखलंस, आणि उत्तर दिलंस. मी म्हटलं कळवा, तू म्हणालास कळवू.”

तिनं पर्स उघडली. आतून तळहाताएवढा कागद काढून त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. काचेवर ठेवून काढलेला हात, तिचाच, अंगठ्यावर वळ असलेला, मुठीत पाना, आणि खाली एकच कापलेला शब्द, ‘आले.’ कडेला केसाएवढी पांढरी किनार. तो बघत राहिला. यापेक्षा चांगलं उत्तर त्याला कधी कोणी दिलं नव्हतं.

“उद्या सकाळी जाता जाता लावते,” ती म्हणाली.

“नको.”

“का?”

“तिथं माणसं बसलीत. चष्म्याच्या दुकानावर. ऑफिसात कानावर आलं.”

एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. ती ताडकन उठली. “म्हणजे तुझं पोस्टर त्यांच्या नजरेत आलंय! अरे, मग तू इथं बसलायस काय? तुझा हात ओळखणारी माणसं आहेत अजून. ते खरवडून काढायला हवं. आत्ता. मी जाते, बाईमाणसाकडे कोणी लक्ष देत नाही, पाण्याची बाटली आणि एक पट्टी घेते...” आणि ती खरोखरच पट्टी शोधायला लागली. त्याला वाचवायला.

“ते त्यांचंच आहे,” तो म्हणाला.

तिनं वळून पाहिलं.

“मला करायला सांगितलं. त्या इस्त्रीसारखं कर म्हणाले. खोटं. लोक चिडावेत म्हणून.” चहाच्या कपाकडे बघत तो बोलत होता. “मी म्हटलं, तुझ्यावरचा तपास सरकेल.”

“आणि जागा?”

“ती सवयीनं सुटली.”

“ती कशासाठी असते, ते त्यांना कोणी सांगितलं?”

बाहेर जिन्यावरून कोणीतरी सामान ओढत वर नेत होतं, एक पायरी, थांबायचं, मग दुसरी. ओरड, तो मनात म्हणत होता, काहीतरी फेकून मार. ती ओरडली नाही. सावकाश खुर्चीत बसली, आपला तुकडा टेबलावरून उचलला आणि मांडीवर घेतला.

“मी,” तो म्हणाला.

“म्हणजे उद्या मी गेले असते.”

“हो.”

“तीन दिवस तुला माहीत होतं.”

“हो.”

तिनं मान हलवली, जणू हे तिला समजू शकत होतं, भीती काय असते हे तिलाही ठाऊक होतं, त्याबद्दल तिला फार काही विचारायचं नव्हतं. मग तिच्या कपाळावर एक आठी आली.

“त्यांनी तुला वाईट कर म्हणून सांगितलं होतं?”

“अगदी वाईट.”

“मग इतकं चांगलं कशाला केलंस?” तिनं विचारलं, आणि ती खरोखरच उत्तराची वाट पाहत त्याच्याकडे बघत राहिली.